डिस्चार्जनंतरच्या नोंदी

आयसीयूत नर्स म्हणून काम करत होते तेव्हा रुग्णाचं पुढे काय झालं, हे मला क्वचितच कळायचं. माणूस सुधारला की वॉर्डात जायचा, वॉर्डातून घरी, आणि त्याच्या बेडवर बहुतेक त्याच पाळीत दुसरं कोणीतरी यायचं. रजिस्टरमध्ये दोनच शेवट असायचे: वॉर्डात पाठवलं, किंवा दगावला. पहिला शेवट लिहिताना आम्हा सगळ्यांना हायसं वाटायचं. त्या नोंदीनंतर काय सुरू होतं हे समजायला मात्र मला नर्सिंग सोडून वेगळं काम धरावं लागलं.

ते काम रिसर्च कोऑर्डिनेटरचं. पोटाची तातडीची मोठी शस्त्रक्रिया होऊन आयसीयूत दाखल झालेली माणसं सहा महिन्यांनी कशी असतात, हा आमच्या अभ्यासाचा प्रश्न होता. आतड्याला छिद्र पडलेलं, आतडं पिळून काळं पडलेलं, पोटभर पू झालेला, असे हे रुग्ण. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत रक्त वाढवायला, साखर आटोक्यात आणायला, हृदयाची तपासणी करायला अवधी मिळतो. इथे तो मिळत नाही. काही तासांत पोट उघडावं लागतं आणि बऱ्याचदा रुग्ण टेबलावर येतो तेव्हाच सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव खचायला लागलेल्या अवस्थेत असतो. आम्ही कुठलंही नवं औषध देणार नव्हतो, उपचारांत ढवळाढवळ करणार नव्हतो. फक्त नीट पाहायचं, नीट लिहायचं आणि माणूस घरी गेल्यावरही त्याचा माग सोडायचा नाही.

प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, लिहिताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो मोजायचं काय, यावर. मृत्यू मोजायचा हे ठीक, पण कधीपर्यंतचा? रुग्णालयात असेपर्यंतचाच मोजला, तर जिथे रुग्णाला लवकर घरी किंवा दुसरीकडे पाठवतात तिथले आकडे आपोआप चांगले दिसतात. सर्जरीत ३० दिवसांचा मृत्युदर मोजायची पद्धत जुनी आहे. पण व्हेंटिलेटर आणि डायलिसिसच्या आधाराने आयसीयूतला रुग्ण एकतिसाव्या दिवशीही त्याच बेडवर असू शकतो, आणि कागदावर तो ‘वाचलेला’ ठरतो. म्हणून आम्ही ९० दिवसांचा मृत्यू आणि सहा महिन्यांची प्रकृती, अशा दोन्ही गोष्टी धरल्या. दिवस मोजायचे ते शस्त्रक्रियेच्या दिवसापासून. एवढं ठरवायलासुद्धा एक अख्खी बैठक लागली, कारण आयसीयूच्या डॉक्टरांच्या मते गोष्ट आयसीयूच्या दारात सुरू होते आणि सर्जनच्या मते चाकू लागला तेव्हा.

गुंतागुंतींसाठी क्लाव्हियन-डिंडो श्रेणी वापरायचं ठरलं. १९९२ मध्ये मांडलेली आणि २००४ मध्ये सुधारलेली ही पद्धत मला फार आवडते, कारण गुंतागुंत किती भयंकर ‘वाटली’ हे ती विचारतच नाही. त्यावर काय करावं लागलं एवढंच विचारते. जखमेत पू झाला आणि बेडवरच टाके सोडून साफ केली, तर पहिली पायरी. रक्त द्यावं लागलं तर दुसरी. पुन्हा ऑपरेशन, एंडोस्कोपी किंवा सोनोग्राफीवर बघून नळी घालावी लागली तर तिसरी. अवयव निकामी व्हायला लागून आयसीयूची गरज पडली तर चौथी, आणि मृत्यू म्हणजे पाचवी. आमचा पेच असा, की आमचे सगळेच रुग्ण ऑपरेशन थिएटरमधून थेट आयसीयूत यायचे. मग सगळ्यांनाच चौथी द्यायची का? शेवटी ठरलं, की नुसतं आयसीयूत असणं मोजायचं नाही; शस्त्रक्रियेनंतर नव्याने एखादा अवयव खचला तरच चौथी. हे वाक्य प्रोटोकॉलमध्ये ठळक अक्षरांत छापलं. असे निर्णय आकडे हाती येण्याआधी लिहून ठेवावे लागतात. नंतर घेतले तर निकाल बघून घेतले नाहीत, याची खात्री कुणी कुणाला द्यायची?

संशोधनाला मान्यता देणाऱ्या एथिक्स कमिटीने आमच्याकडून सगळ्यात जास्त खुलासे मागितले ते संमतीवर. रुग्ण व्हेंटिलेटरवर, गुंगीत. तो स्वतः ‘हो’ म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने जवळच्या नातेवाइकाची संमती घ्यायची आणि रुग्ण शुद्धीवर येऊन समजण्याच्या स्थितीत आला की त्याला सगळं नव्याने सांगून त्याची स्वतःची संमती घ्यायची, असं ठरलं. तो नाही म्हणाला, तर त्याची माहिती पुढे वापरायची नाही.

पहिल्या काही संमतींपैकी एक मला अजून शब्दन् शब्द आठवते. पहाटे ऑपरेशन झालेल्या एका गृहस्थांचा मुलगा आयसीयूबाहेरच्या बाकावर बसला होता. वयाने विशी-पंचविशीचा. हातात वडिलांची चप्पल असलेली पिशवी. मी अभ्यासाचं नाव काढताच तो ताडकन उठला.

“सिस्टर, बाबांवर काही प्रयोग करणार आहात का?”

“नाही दादा. त्यांना जे उपचार द्यायचे ते त्यांचे डॉक्टरच ठरवणार. आम्ही फक्त नोंदी ठेवणार आणि घरी गेल्यावर फोन करून त्यांची चौकशी करणार.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर मी हा कागद परत घेऊन जाईन. उपचारांत तसूभरही फरक पडणार नाही. मी तुमच्या डॉक्टरांना तुम्ही काय म्हणालात हेही सांगणार नाही.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, “घरी गेल्यावर फोन करणार म्हणताय. म्हणजे ते घरी जातील?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि ते देण्याचा अधिकारही नव्हता. ‘ते डॉक्टर सांगतील’ म्हणून विषय संपवता आला असता. मी त्याच्या शेजारी बसले आणि खरं तेच सांगितलं, की आत्ता कुणालाच माहीत नाही, आणि अशा आजारातून किती लोक घरी जातात, गेल्यावर कसे राहतात, हे नीट कळावं म्हणूनच हा अभ्यास आहे. त्याने सही केली नाही. संध्याकाळी आई आल्यावर तिच्याशी बोलून करतो म्हणाला, आणि तशी केली. संमती मागणाऱ्याने घाई करू नये, माझं हे मत त्या दिवशी जे झालं ते आजतागायत बदललेलं नाही. ज्याच्या डोक्यावर आभाळ कोसळलंय त्याला चार पानी पत्रक वाचायला देऊन दहा मिनिटांत सही मागणं कायद्यात बसत असेलही. माझ्या मनाला ते पटत नाही.

पुढे एका बाईंनी शुद्धीवर आल्यावर ठाम नकार दिला. त्यांच्या वतीने यजमानांनी सही केली होती. “त्यांनी दिली असेल, मी देत नाही,” एवढंच म्हणाल्या. मी त्यांचे आभार मानले आणि त्यांचा फॉर्म बाद केला. आठवडाभर भरलेल्या नोंदी गेल्या याचं आमच्या टीममध्ये कुणालाही वाईट वाटलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

नोंदींचं काम दिसतं तेवढं यांत्रिक नाही. रोज सोफा स्कोर भरायचा, म्हणजे अवयव किती खचलेत त्याचे गुण; जास्त गुण म्हणजे जास्त आजारी. १९९६ पासून वापरात असलेला हा स्कोर सहा अवयवसंस्थांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतो, एकूण २४. फुप्फुसांसाठी रक्तातला ऑक्सिजन, रक्त गोठण्यासाठी प्लेटलेट्स, यकृतासाठी बिलिरुबिन, रक्ताभिसरणासाठी बीपी आणि ते टिकवायला लागलेली औषधं, किडनीसाठी क्रिएटिनिन किंवा लघवीचं प्रमाण. हे पाच आकडे चार्टवर सापडतात. सहावा मेंदूचा, आणि तो ग्लासगो कोमा स्केलवरून, म्हणजे डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल बघून शुद्धी मोजणाऱ्या पट्टीवरून काढायचा. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण घशात नळी असल्याने बोलू शकत नाही आणि औषधाने झोपवलेला असल्याने डोळे उघडत नाही. त्याचा मेंदू खचलाय की फक्त औषधाचा अंमल आहे? जो दिसतो तो स्कोर लिहिला, तर जास्त गुंगी देणाऱ्या युनिटचे रुग्ण कागदावर जास्त आजारी दिसतील, आणि मग त्यांतले जगलेले रुग्ण म्हणजे त्या युनिटचा पराक्रम ठरेल. आम्ही गुंगी देण्याआधीचा शेवटचा स्कोर धरायचं ठरवलं. तो शोधायला कधी कधी रात्रीच्या ड्यूटीच्या डॉक्टरांची घाईत लिहिलेली नोट भिंग लावून वाचावी लागायची.

डेलिरियमची, म्हणजे आजारपणात अचानक होणाऱ्या मतिभ्रमाची तपासणी मात्र मी स्वतः रुग्णाच्या उशाशी उभी राहून करायची. रुग्णाचा हात हातात घ्यायचा, दहा अक्षरं एकेक करून सावकाश म्हणायची, आणि ठरलेलं अक्षर ऐकू आलं की त्याने हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या, तर लक्ष एकाग्र होत नाही असं धरायचं आणि पुढच्या पायऱ्या तपासायच्या. साधी वाटते, पण ज्याच्याकडे बघून कुणाला शंकाही येणार नाही असा शांत, डोळे उघडे ठेवून पडलेला रुग्ण या तपासणीत सापडतो. आरडाओरडा करणारा, नळ्या उपसणारा डेलिरियम सगळ्यांना दिसतो. गप्प पडलेला राहून जातो. तो शोधल्याशिवाय मोजणार कसा?

या काळात आमच्या विभागात दर आठवड्याला जुने अभ्यास वाचायची बैठक असायची. त्यातल्या दोन अभ्यासांनी माझ्या नर्सच्या नजरेला धक्का दिला. पहिला २००० सालचा. फुप्फुसं गंभीर निकामी झालेल्या ८६१ रुग्णांत व्हेंटिलेटरने प्रत्येक श्वासाला किती हवा द्यायची याची तुलना होती: वजनाच्या हिशेबाने किलोमागे १२ मिलिलिटर, जी तेव्हाची पद्धत होती, की फक्त ६. पहिल्या दिवसांत जास्त हवा मिळालेल्या गटाचा ऑक्सिजन चांगला दिसत होता. मॉनिटरकडे बघणाऱ्या कुठल्याही नर्सने तोच गट सुधारतोय असं सांगितलं असतं. मृत्यू मात्र त्यांच्यात ३९.८ टक्के झाले आणि कमी हवेच्या गटात ३१ टक्के. दुसरा २००९ सालचा नाइस-शुगर अभ्यास. त्यात सहा हजारांहून जास्त रुग्ण होते. रक्तातली साखर अगदी काटेकोर ठेवलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के दगावले, आणि थोडी ढिलाई दिलेल्या गटात २४.९ टक्के. साखरेचा तक्ता बघून खूश व्हायची सवय मला स्वतःला होती, सगळ्यांनाच होती. आज चांगला दिसणारा आकडा आणि तीन महिन्यांनी जिवंत असलेला माणूस, यांच्यामधलं अंतर कोणीतरी चालून बघितल्याशिवाय कळत नाही. हे चालणं म्हणजे फॉलो-अप, आणि ते आता माझ्या अंगावर होतं.

फोन संध्याकाळी करायचे. दिवसा माणसं दवाखान्यात, कामावर किंवा झोपलेली. आधी ओळख सांगायची, बोलायला वेळ आहे का विचारायचं, मग प्रश्नावली. हिंडणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना, आणि चिंता किंवा निराशा, असे पाच विषय. प्रत्येकाच्या पाच पायऱ्या. शेवटी ० ते १०० मध्ये आजची तब्येत किती, ते त्याने सांगायचं. प्रश्न जसे छापलेत तसेच वाचायचे. समजावताना आपल्याकडून उत्तर सुचवलं जाऊ नये, ही या कामातली सगळ्यात अवघड शिस्त. मी वर्षानुवर्षं रुग्णांना ‘आज बरं वाटतंय ना?’ असंच विचारत आले होते. त्या ‘ना’मध्येच उत्तर असतं. ते काढून टाकायला मला बराच सराव करावा लागला.

त्या बाकावरच्या मुलाचे वडील घरी गेले होते. सहा महिन्यांनी त्यांना फोन केला तेव्हा आवाज खणखणीत. चालता येतं? येतं. आंघोळ वगैरे? स्वतः करतो. वेदना? थोडी, पोटात टाके ओढतात. रोजची कामं? “ठीक.” मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, “अहो, खरं सांगा की!” ते थांबले. मीही थांबले, कारण थांबणं नियमात बसतं. मग म्हणाले, “दुकानाचा हिशेब मुलगा बघतो आता. मला आकडे लागत नाहीत. वरची ओळ वाचून खाली येईपर्यंत वरची विसरतो.” पायरी बदलली. ‘ठीक’वरून ‘खूप अडचण’वर.

प्रश्नावली संपली. मी फोन ठेवणार तेवढ्यात त्यांनी आवाज खाली आणला.

“मॅडम, एक विचारू? तुम्ही तिथेच होतात ना तेव्हा?”

“होते काका.”

“तिथे रात्री हिरव्या कपड्यांतली माणसं मला बांधून खालच्या मजल्यावर नेत होती. एक बाई माझा हात धरून काहीतरी मंत्र म्हणत होती आणि मध्येच हात दाब म्हणत होती. मी हे घरी कुणाला सांगितलं नाही. वेड लागलं म्हणतील. खरं होतं का ते?”

ती बाई मी होते. त्यांचा फॉर्म माझ्यासमोर उघडा होता. त्या आठवड्यात सलग चार दिवस डेलिरियमच्या रकान्यात ‘आहे’ अशी नोंद माझ्याच अक्षरात होती. मी त्यांना सांगितलं, की हात धरून अक्षरं म्हणणारी मीच, आणि ती तपासणी होती. हिरवे कपडे थिएटरच्या माणसांचे. सीटी स्कॅन खालच्या मजल्यावर होतं आणि तिथे नेताना पट्टे बांधतात, कारण ट्रॉलीवरून पडू नये. नळी उपसली जाऊ नये म्हणून हातालाही मऊ पट्टी होती. या सगळ्याचे तुकडे आजारी मेंदूने आपल्या परीने जोडले. अशा आजारात असं पुष्कळांना होतं, त्याला नाव आहे आणि ते वेड नाही. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग म्हणाले, “म्हणजे मंत्र नव्हता.” आणि मग, “सहा महिने मी दिवा लावून झोपतोय.”

त्या रात्री मी पुन्हा २०१३ सालचा तो अभ्यास काढून वाचला, ज्यात आयसीयूतल्या ८२१ रुग्णांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश रुग्णांना डेलिरियम झाल्याचं दिसलं होतं. डेलिरियम जितका जास्त दिवस, तितकी वर्षभरानंतरची बुद्धीची चाचणी खालावलेली, आणि हे तरुणांतही. वर्षाअखेर तपासलेल्यांपैकी ३४ टक्क्यांचे गुण डोक्याला मध्यम मार लागलेल्या रुग्णांइतके होते. मी तो अभ्यास आधीही वाचला होता. पण ‘वरची ओळ वाचून खाली येईपर्यंत वरची विसरतो’ हे ऐकल्यानंतर तो आलेख वेगळाच दिसायला लागला. आयसीयूनंतर शरीर, बुद्धी आणि मन यांत उरणाऱ्या या सगळ्या त्रासांना २०१२ पासून आयसीयूपश्चात लक्षणसमूह म्हणून एकत्र ओळखलं जातं. नाव मिळाल्याचा मोठा फायदा असतो. ज्याला नाव आहे ते विचारता येतं.

फोनवर कुणी ‘जगून काय करू’ असं बोललं तर काय करायचं, हे आमच्या प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेलं होतं: प्रश्नावली बाजूला ठेवायची, घरात आत्ता सोबत कोण आहे ते विचारायचं, त्याच संध्याकाळी टीममधल्या डॉक्टरांना कळवायचं, आणि डॉक्टरांचा फोन गेला की नाही याची खात्री करूनच लॉग बंद करायचा. त्याची वेळ आली. दर वेळी डॉक्टरांनी फोन केला. आकडे गोळा करणाऱ्याने दुःख ऐकायचं आणि फक्त लिहून ठेवायचं, हे मी कधीच मान्य केलं नसतं.

आता ज्यांचा फोन लागला नाही त्यांच्याविषयी. मला वाटतं, सर्जरी आणि आयसीयूच्या संशोधनातला सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न हाच आहे. न सापडलेले रुग्ण म्हणजे केवळ कमी पडलेली संख्या, असं धरून पुष्कळ जण पुढे जातात. ते सापडलेल्यांसारखेच असते, तर हरकत नव्हती. तसे ते नसतात. आम्ही हट्टाने माग काढला: दिलेला दुसरा नंबर, वॉर्डाच्या फाइलमधला नातेवाइकाचा नंबर, सर्जनच्या ओपीडीतल्या तारखा, आणि संमतीत तशी परवानगी दिली असेल तर पत्र. शेवटी जे सापडले ते दोन टोकांचे होते. काही जण ठणठणीत होऊन कामाला लागले होते आणि अनोळखी नंबर उचलत नव्हते. दुसऱ्या टोकाला, कुणी दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा भरती, कुणी मुलीकडे अंथरुणाला खिळलेले, कुणाचा मृत्यू होऊन फोनच बंद केलेला. सहज फोन उचलणाऱ्यांवरच निकाल काढला असता, तर मधल्या माणसांचं चित्र सगळ्यांच्या नावावर खपलं असतं.

मृत्यूची बातमी अशी फोनवर कळते, तेव्हा पुढचे प्रश्न विचारायचे नसतात. तारीख एवढीच लागते. एका मुलीने तारीख सांगितली आणि मग आपणहून आईच्या शेवटच्या दोन महिन्यांचं सगळं सांगितलं. फॉर्मवर त्यातला एकच रकाना भरण्याजोगा होता. बाकीचं मी ऐकलं.

विश्लेषणाच्या वेळी आमच्या सांख्यिकीतज्ज्ञांनी एक प्रश्न टाकला. सहा महिन्यांच्या जीवनमानाची सरासरी कुणाची काढायची? फक्त जिवंत असलेल्यांची काढली, तर ज्या युनिटमध्ये सगळ्यात अशक्त रुग्ण दगावतात तिथली सरासरी वर जाते. सगळ्यात थकलेले लोक हिशेबातून गळाले की उरलेले छानच दिसणार. या प्रश्नावलीच्या मोजमापात मृत्यूला शून्य धरतात, आणि त्याहून वाईट अवस्थांना उणे अंकही असतात. आम्ही दोन्ही हिशेब केले, मृतांना शून्य धरून आणि न धरता, आणि दोन्ही शेजारी-शेजारी मांडले. एकच मांडणं सोपं होतं आणि दिसायलाही सुबक.

गुंतागुंतींच्या तक्त्यावरून सर्जन मंडळींशी लांब चर्चा झाली. तिथे २००९ सालचा आणखी एक अभ्यास उपयोगी पडला. अमेरिकेतल्या ८४,७३० रुग्णांच्या नोंदींत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी मृत्युदराच्या रुग्णालयांत गुंतागुंती जवळजवळ सारख्याच होत्या: २४.६ आणि २६.९ टक्के. फरक होता तो मोठी गुंतागुंत झाल्यावर किती दगावले यात: २१.४ विरुद्ध १२.५ टक्के. म्हणजे आतड्याची जोड सुटते ती सगळीकडे. ती सुटल्याचं पहाटे तीनला नाडीच्या वेगावरून कुणाच्या लक्षात येतं, ती व्यक्ती कुणाला फोन करते आणि थिएटर किती वेळात उघडतं, यावर पुढचं सगळं. नर्स म्हणून मला हे नवं नव्हतं. पण आपल्याला माहीत असणं वेगळं, आणि सर्जन, भूलतज्ज्ञ व प्रशासन एकाच टेबलाशी बसलेले असताना ते आकड्यांत समोर ठेवता येणं वेगळं. त्या बैठकीनंतर वॉर्डातून आयसीयूला बोलावण्याचे निकष लिहून लावले गेले आणि ते नर्सने थेट वापरावेत, डॉक्टरांच्या राउंडची वाट पाहू नये, असं ठरलं.

बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्याविषयी मी या कामात आल्यावरच वाचलं. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवायचं, निदान वर्षभराने त्याला पुन्हा बघायचं आणि उपचार सफल झाले नसतील तर का, ते त्यावर लिहायचं, एवढीच त्यांची मागणी होती. १९११ ते १९१६ या काळात स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या नोंदी त्यांनी छापल्या आणि त्यांत १२३ चुका स्वतःच मोजून दाखवल्या. सहकाऱ्यांना ते फारसं रुचलं नाही. शंभर वर्षं उलटून गेली तरी रुग्णालयाबाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा गाठणं हे कुणाच्या ठरलेल्या कामात बसत नाही. आमच्याकडेही अभ्यासाचा निधी होता तोवर माझी जागा होती. निधी संपल्यावर फॉलो-अप कोण करणार, यावर प्रशासनाशी बरेच दिवस बोलणी चालली. हा विषय मी प्रत्येक बैठकीत काढला, आणि काढत राहीन. सध्या आठवड्यातून एक दिवस आयसीयूतून घरी गेलेल्यांसाठी ओपीडी चालते. तिथे फिजिओथेरपिस्ट असतात, एक डॉक्टर असतात आणि मी असते. डिस्चार्जच्या वेळी घरच्यांच्या हातात एक पान देतो: विसरभोळेपणा, भीतिदायक स्वप्नं, पायांतली ताकद जाणं, चिडचिड हे सगळं या आजाराचा भाग असू शकतं, आणि कुठे फोन करायचा. काकांनी ते पान वाचून दोन दुरुस्त्या सुचवल्या. ‘स्वप्नं’ म्हणू नका, म्हणाले, तेव्हा ती स्वप्नं वाटत नाहीत. बदललं.

पुढच्या अभ्यासाचा प्रोटोकॉल आता कमिटीकडे आहे. यात मुदत सहा महिन्यांऐवजी वर्षाची आहे, संमतीच्या वेळीच तीन वेगवेगळ्या घरांतले नंबर मागायचे आहेत, आणि रुग्णाला सांभाळणाऱ्या माणसासाठीही एक छोटी प्रश्नावली आहे. काकांच्या मागून ‘खरं सांगा की’ म्हणणाऱ्या काकूंना आम्ही काहीच विचारलं नव्हतं. सांभाळणारा माणूस स्वतः अभ्यासातला सहभागी ठरतो का, आणि त्याच्यासाठी वेगळं संमतीपत्र लागेल का, असा कमिटीचा प्रश्न आलाय. माझ्या मते लागेल. तसा मसुदा करायला घेतलाय.